गुरुजी-काकूंसाठी छोटा कॉम्प्युटर : दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर विक्री आणि दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांचे फोन येतात, "आई-बाबांसाठी काहीतरी छोटं, स्वस्त सुचवा." बहुतेक वेळा मुलाने यंत्र आधीच ठरवलेलं असतं, मला फक्त होकार द्यायचा असतो. हे प्रकरण जरा वेगळ्या वाटेने गेलं, म्हणून सविस्तर लिहितोय. घरच्यांना विचारून लिहिलं आहे, नावं गाळली आहेत. किमती २०२५ च्या एप्रिल-मेमधल्या, आमच्या भागातल्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जुन्या, दुरुस्त करून विकलेल्या मशीनवर दुकानदाराला नव्या लॅपटॉपपेक्षा जास्त सुटतं. माझा सल्ला वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

घर

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, दीडेकशे उंबऱ्यांचं गाव. गुरुजी ७१ वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. काकू ६६ च्या. पाच एकर शेत, कपाशी आणि तूर, ते आता बटईने दिलेलं. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी अमरावतीला. गुरुजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, डावा बाकी. हाताला किंचित कंप. काकू बचत गटाच्या सचिव. घरात दोन स्मार्टफोन, ३२ इंची टीव्ही आणि पंखे-दिव्यांसाठी इन्व्हर्टर. लाइन जाणं नेहमीचंच.

मुलाचं म्हणणं असं की बाबांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावावी लागते, सातबाऱ्यासाठी सेवा केंद्रात जावं लागतं, पीक पाहणी, पीएम-किसानचं केवायसी, हे सगळं घरबसल्या व्हावं. बजेट चाळीस हजार. सेलमधल्या एका १५.६ इंची लॅपटॉपची लिंकही त्याने पाठवली होती, किंमत ४२ हजार.

मुलाची यादी आणि घरची यादी

ती यादी घेऊन बसलो तर निम्म्याहून अधिक कामं कॉम्प्युटरची नव्हतीच. डिजिटल हयातीचा दाखला म्हणजे 'जीवन प्रमाण' २०१४ पासून आहे, पण कॉम्प्युटरवरून तो काढायचा तर बोटांच्या ठशांचं किंवा बुबुळांचं यंत्र जोडावं लागतं. म्हाताऱ्या, शेतात राबलेल्या बोटांचे ठसे किती वेळा जुळत नाहीत ते सेवा केंद्रातल्या पोरांना विचारा. २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून काम होतं, ते सोपं. पीएम-किसानचं केवायसीही मोबाइलवर चेहऱ्यानेच. ई-पीक पाहणी तर मोबाइलचीच, शिवारात उभं राहून फोटो काढायचा असतो. राहिला सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, मोबाइलवरूनही निघतो, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या कागदासाठी कोणी कॉम्प्युटर घेत नाही.

म्हणून त्या घरी जाऊन दोघांनाच विचारलं, आठवडाभर काय करता? फोनवर कुठे अडतं?

गुरुजी लोकमत आणि देशोन्नती फोनवर वाचतात. एका बातमीसाठी पान दोन बोटांनी ताणायचं, डावीकडून उजवीकडे सरकवायचं, ओळ हरवली की पुन्हा पहिल्यापासून. निवृत्त शिक्षकांच्या तालुका संघटनेचे ते कोषाध्यक्ष, त्यामुळे सभासदांच्या याद्या, वर्गणीचा हिशेब आणि कार्यालयांना द्यायची निवेदनं त्यांच्याकडे. निवेदन हाताने लिहून देतात, सेवा केंद्रातलं पोरगं टाइप करतं, गुरुजी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने काढतात, पोरगं पुन्हा टाइप करतं. पानाला पैसे द्यावे लागतात हे दुःख नाही, चुका राहतात हे आहे.

काकू आधी काही बोलल्याच नाहीत. चहा ठेवायला उठल्या तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "यायले पेपर वाचाले पाह्यजे, अन् मले हिसाब. फोनवर हिसाब करता करता बोट भलतीकडंच पडते." मग रजिस्टर आणून दाखवलं. अकरा बाया, महिन्याला दोनशे रुपये बचत, अंतर्गत कर्जं, दोन टक्के व्याज, कोणाची मुद्दल किती फिटली, कोणाची थकली. हे सगळं त्या रजिस्टरवर करतात आणि महिनाअखेरची बेरीज जुळेपर्यंत रात्री जागतात.

म्हणजे घरची यादी अशी निघाली: मोठ्या अक्षरात वाचणं, मराठीत लिहिणं, आकडेमोड आणि दोघांनी शेजारी बसून नातवाशी बोलणं. मुलाच्या यादीतलं यात काहीच नव्हतं. फोनवर त्याला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आईचा हिशेब? मला माहीतच नव्हतं."

लॅपटॉप का नाही

खेड्यात लॅपटॉप हा सहसा बरोबर सल्ला असतो आणि मीही तोच देतो. लाइन गेली तरी बॅटरीवर चालतो, वेगळा यूपीएस लागत नाही, बिघडला तर पिशवीत घालून एसटीने दुकानात आणता येतो. ज्या घरी इन्व्हर्टर नाही तिथे याच्या पुढे विचार करायचंच कारण नाही.

इथे इन्व्हर्टर होता. शिवाय दोन गोष्टी लॅपटॉपच्या आड आल्या. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकत्र जखडलेले असतात. मोतीबिंदूवाल्या माणसाला पडदा जवळ हवा म्हटलं की कीबोर्ड पोटाशी येतो आणि मान खाली जाते. दुसरं म्हणजे काकूंना आकडेच टाकायचे होते, आणि ते टाकायला उजवीकडचा आकड्यांचा स्वतंत्र पट्टा हवा. काही लॅपटॉपमध्ये असतो, पण बारीक आणि चिकटलेला. काकूंची बोटं कापूस वेचलेली, त्यांना मोठ्या कळाच बऱ्या.

पंधरा हजारांच्या आतले सेलमधले लॅपटॉप मी कोणालाच सुचवत नाही. ४ जीबी रॅम आणि बोर्डावरच जोडलेलं ६४ जीबीचं स्टोरेज. विंडोज ११ ची किमान अट कागदावर तेवढीच आहे, पण दोन-चार अपडेट आले की जागा संपते आणि मग ते वाढवताही येत नाही.

टीव्हीलाच कॉम्प्युटरचा छोटा डबा जोडावा ही मुलीची सूचना. खर्च वाचला असता. पण ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर अक्षरं जवळून फुटकी दिसतात, आणि काकूंनी एका वाक्यात निकाल लावला, "साडेसातले माही सिरियल असते." टीव्ही घरात सगळ्यांचा असतो, त्याच्यावर हिशेब करायला कोणी बसत नाही.

मुलाच्या मित्राने रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर सुचवला. यंत्र छान आहे, वीजही कमी खातं, पण ते शिकणाऱ्याचं आहे. गावात ते अडलं तर हात लावणारा कोणी नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंटबद्दलही हेच. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, मी स्वतः दुकानात वापरतो. पण गुरुजींच्या घरापासून चार घरांवर सेवा केंद्र चालवणारा मुलगा राहतो. एमएस-सीआयटी केलेला आणि विंडोज जाणणारा तोच. अडल्यावर दहा मिनिटांत येणारा माणूस ज्या प्रणालीतला, ती प्रणाली घ्यावी.

डबा

मग राहिला छोटा डेस्कटॉप. यात दोन जाती. एक नवीन मिनी पीसी, इंटेलच्या एन१०० सारख्या कमी विजेच्या प्रोसेसरचे. या चार कामांना ते भरपूर झाले. पण आमच्याकडे मिळतात ते बहुतेक अनोळखी छापाचे आणि वॉरंटीसाठी दिल्लीला कुरिअर करायचं. दुसरी जात कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेल्या छोट्या डब्यांची: डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी. साधारण १८ सेंटीमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर जाड. ऑफिसं हे डबे काही वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात, ते नागपूरच्या बाजारात येतात. उघडायला एक स्क्रू, आतली रॅम आणि साठवणीची एसएसडी कुठेही मिळणारी.

यात खाचखळगे आहेत. सात-आठ हजारांत मिळतात ते सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसरवाले. ते विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, आणि विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवायचं जाहीर केलेलं होतं. म्हणजे एप्रिलात घेतलेलं मशीन दिवाळीलाच जुनं. म्हणून आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा डेलचा डबा ठरला. १३,८०० रुपये, विकणाऱ्याची एक वर्षाची हमी.

घेताना काय पाहिलं ते सांगतो, कारण कंपनीच्या शिक्क्यावर लोक विसंबतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स म्हटलं आहे ना, की कोणी चोरटी किल्ली लावली आहे. एसएसडीची तब्येत किती टक्के उरली. पंखा दहा मिनिटं पूर्ण ताकदीने फिरवल्यावर खडखडतो का. आणि अडॅप्टर. डेलचं मशीन मधल्या बारीक पिनेवरून आपलं अडॅप्टर ओळखतं. स्थानिक बनावटीचं लावलं तर सुरू होताना तक्रार करतं आणि हळू चालतं. पहिला डबा आला त्याच्यासोबत नेमकं तसलंच अडॅप्टर होतं. ते परत पाठवून मूळ कंपनीचं मागवलं, आठवडा गेला. डब्याच्या आतल्या मुख्य बोर्डावरची गोल बॅटरी मी विचारत न बसता बदलून टाकतो. ती संपली की तारीख मागे जाते, तारीख मागे गेली की बँकेपासून पेपरपर्यंत एकही साइट उघडत नाही, आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं नेट गेलं.

वीज

या प्रकरणात माझा जास्तीत जास्त वेळ विजेवर गेला.

संध्याकाळी सात वाजता गुरुजींच्या बैठकीतल्या बोर्डात मीटर घातलं, २३० च्या जागी १७८ व्होल्ट. कूलर, फ्रीज, सगळ्या गावाचे पंखे एकाच वेळी. इथे छोट्या डब्याचा असा फायदा आहे जो दुकानातही फारसं कोणी सांगत नाही. त्याचं अडॅप्टर लॅपटॉपसारखं, १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालणारं. अडॅप्टरच्या पोटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. मॉनिटरचंही बहुधा तसंच. स्थानिक जोडणीच्या उभ्या टॉवर कॉम्प्युटरमध्ये बसवलेलं स्वस्त एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठा, मात्र २३० धरून बनवलेलं असतं, दाब पडला की मशीन आपोआप पुन्हा सुरू होत राहतं. खेड्यात टॉवर लवकर मरतात त्याचं हे एक मोठं कारण.

मग इन्व्हर्टर. त्याच्या मागे 'नॉर्मल' आणि 'यूपीएस' असं एक छोटं बटण असतं. कॉम्प्युटर लावला की ते यूपीएसवर टाका असं सगळे सांगतात, कारण त्यात लाइन गेल्यावर बॅटरीवर जायला वेळ कमी लागतो. पण यूपीएसवर टाकलं की इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीतही कडक होतो. साधारण १८० च्या खाली दाब गेला की लाइन असूनही तो बॅटरीवर उडी मारतो. गुरुजींच्या घरी रोज संध्याकाळी १७८. म्हणजे यूपीएसवर टाकलं असतं तर लाइन असताना बॅटरी उतरली असती आणि खरोखर लाइन गेल्यावर पंखे बंद. म्हणून बटण नॉर्मलवरच ठेवलं आणि कॉम्प्युटर चालू असताना मेन स्विच पुन्हा पुन्हा पाडून पाहिला. पंखा क्षणभर मंदावला, दिवा लुकलुकला, डबा चालूच राहिला. डबा आणि मॉनिटर मिळून चाळीसेक वॉट खातात, एका पंख्याच्या जवळपास निम्मे. एवढ्या हलक्या भाराला अडॅप्टरमधला साठा ते अर्धं निमिष सांभाळून घेतो. तीन हजारांचा यूपीएस वाचला. दर घरी हे चालेलच असं नाही. मेन पाडून पाहा, मशीन बंद पडलं तर यूपीएस घ्या.

डब्याच्या आतल्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज परत आल्यावर काय करायचं' हे विचारलेलं असतं. तिथे 'बंदच राहा' ठेवलं. नाहीतर पहाटे तीनला लाइन आली की बैठकीत पडदा उजळतो.

आता अर्थिंग. पहिल्याच दिवशी काकूंनी डब्याच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "मुंग्या आल्यासारख्या वाटते." टेस्टर लावला, दिवा मंद पेटला. अडॅप्टर तीन पिनांचं, पण बोर्डातल्या तिसऱ्या भोकाला मागे तारच नव्हती. गावातल्या निम्म्या घरांत हेच असतं, तिसरं भोक शोभेला. अर्थिंग नसलं की अडॅप्टरच्या गाळणीतून येणारा बारीक करंट पत्र्यावर साचतो. जीव घेण्याइतका नसतो, पण म्हातारं माणूस एकदा दचकलं की पुन्हा त्या यंत्राला हात लावत नाही. वायरमन बोलावला, विहिरीकडच्या ओलाव्याच्या जागी खड्डा करून पाइप गाडला, मीठ-कोळसा भरला, तार आणली. १,४०० रुपये. फ्रीज आणि कूलरलाही त्याच तारेवर घेतलं, ते तर कॉम्प्युटर नसता तरी करायलाच हवं होतं.

उन्हाळ्याचं वेगळं. अशा डब्यांच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीशीच्या आसपास. म्हणून मे-जूनमध्ये सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, असा नेम घालून दिला. कूलरच्या थेट झोतात ठेवायचा नाही, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात. आणि रोहिणीत ढग गडगडले की पिन काढून ठेवायची, इन्व्हर्टर असो की नसो.

पडदा आणि चष्मा

२२ इंची मॉनिटर घेतला, ६,९०० रुपये. अक्षरं दीडपट केली. दुकानात गुरुजींनी सगळ्या चर्चेला कंटाळून मला सुनावलं होतं, "भाऊ, मशीन किती लहान हाय ते नका सांगू, अक्षर किती मोठं दिसते ते सांगा." म्हणून पेपरचं पान उघडलं, त्यांना हातभर अंतरावर बसवलं आणि अग्रलेख मोठ्याने वाचायला लावला. वाचला, पण हनुवटी वर करून. दुसऱ्या परिच्छेदाला मान चोळायला लागले.

चष्मा दुहेरी भिंगाचा. खालच्या तुकड्यातून जवळचं दिसतं, म्हणून पडद्याकडे पाहताना माणूस आपोआप डोकं मागे टाकतो. पडदा जितका उंच, तितकी मान वाकडी. डब्याला मॉनिटरच्या मागे टांगायची पट्टी मिळते, फोटोत फार देखणी दिसते. पण तिने मॉनिटर टेबलावर उंचच राहतो आणि चालू करायचं बटण पडद्यामागे दडतं. ती पट्टी घेतलीच नाही. मॉनिटरचं स्टँड होतं तेवढं खाली केलं, गुरुजींच्या खुर्चीत गोधडीची घडी टाकली, डबा उजव्या हाताला बटण समोर करून ठेवला. आणि यवतमाळला डोळ्याच्या डॉक्टरांकडून हातभर अंतराचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून आणायला सांगितलं. ९०० रुपयांचा. आता तो टेबलाच्या खिळ्यालाच दोरीने बांधलेला असतो, म्हणजे शेतात जात नाही. या सगळ्या खरेदीत मला विचाराल तर सगळ्यात जास्त काम या ९०० रुपयांनी केलं.

माऊसचा त्रास कंपाचा. दोनदा टिचकी मारताना पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीत हात सरकतो, मग चिन्ह उघडण्याऐवजी पडद्यावर ओढलं जातं. फोल्डरच्या पर्यायांत जाऊन एका टिचकीत उघडेल असं केलं, बाण मोठा आणि हळू केला. दहा मिनिटांचं काम, पण ते केलं नाही तर माणूस "मले जमत नाई" म्हणून उठून जातो.

पडद्यावर सहाच चिन्हं ठेवली: पेपर, बचत गट, पत्रं, व्हिडिओ कॉल, फोटो, कीर्तन. विंडोज इंग्रजीच ठेवलं, कारण पुण्याहून फोनवर सांगणाऱ्या मुलाच्या समोरही तेच असतं. मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्येच असलेला मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू केला. नेट असलं की गूगल डॉक्समध्ये बोलूनही टाइप होतं. गुरुजींनी तेही करून पाहिलं, पण बोललेल्यातल्या चुका दुरुस्त करण्यापेक्षा स्वतः लिहिणं त्यांना बरं वाटतं. हिशेबासाठी लिबरऑफिस, ते फुकट आहे.

नेट

फायबर गावात पोचलेलं नव्हतं. फोनला रेंज खिडकीतच. म्हणून जुना एक फोन, त्यात वेगळं सिम, खिडकीच्या फळीवर. तिथून लांब यूएसबी वायर थेट डब्याला. या डब्यात वाय-फायचं कार्ड नव्हतं आणि अशा जोडणीत ते लागतही नाही. वायर काम झालं की काढायची, नाहीतर उन्हात सतत चार्ज होऊन फोनची बॅटरी फुगते. एक सेटिंग मात्र हाताने करावं लागतं. यूएसबीने जोडलेलं नेट विंडोजला केबलचं, म्हणजे अमर्याद वाटतं, आणि ते बेधडक अपडेट उतरवतं. दिवसाचे दीड जीबी सकाळीच फस्त. त्या जोडणीवर 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं नेट, ही खूण केली. मोठे अपडेट मुलगा घरी आला की त्याच्या फोनवरून करतो.

खर्च

डबा १३,८००, मॉनिटर ६,९००, वायरवाले कीबोर्ड-माऊस ६५०, माइकसह वेबकॅम १,१५०, छोटा स्पीकर ३५०, अर्थिंग १,४००, चष्मा ९००. एकूण २५,१५०. बिनतारी माऊस मुद्दाम टाळला, सेल संपतो आणि मागचा बारका तुकडा हरवतो. ऑगस्टमध्ये उंदराने माऊसची वायर कुरतडली, तरी मत बदललं नाही. नवा २५० ला आला.

दिवाळीपर्यंत काय झालं

गुरुजी रोज दोन्ही पेपर वाचतात, अग्रलेख आधी. संघटनेची सभासद यादी त्यांनी स्वतः टाइप केली. मे महिन्यात सुरू केलेली यादी पोळ्यापर्यंत चालली, पण एकाही नावात चूक नाही.

काकूंनी बचत गटाच्या तक्त्यात आकडे टाकायला सुरुवात केली आणि बेरजेवर विश्वास ठेवायला साफ नकार दिला. कॉम्प्युटरची बेरीज झाली की त्या रजिस्टरमध्ये पुन्हा करतात. मला यात काही गैर वाटत नाही. बँकेत आणि बचत गटांच्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या ताईंना रजिस्टरच दाखवावं लागतं, आणि दोन्हीकडे आकडा जुळला की त्यांना झोप लागते. जागरण मात्र संपलं. चूक कोणत्या ओळीत आहे ते तक्त्यात लगेच सापडतं.

ऑगस्टमध्ये एक घाबरवणारा प्रसंग झाला. कीर्तनाच्या नावाने उघडलेल्या कुठल्याशा साइटने परवानगी मागितली, गुरुजींनी 'अलाउ' दाबलं, आणि दुसऱ्या दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस' अशा इंग्रजी पाट्या येऊ लागल्या, खाली फोन नंबर. आधीच ठरलेलं होतं की घाबरलात तर पडद्यावर कुठेही हात लावायचा नाही, डब्याचं बटण दाबायचं, ते दाबलं की मशीन रीतसर बंद होईल असं करून ठेवलेलं होतं. काकूंनी बटण दाबलं आणि मला फोन केला. मी जाऊन त्या साइटची परवानगी काढली, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन टाकलं. दोघांचं खातं साधं आहे, नवं काही बसवायचा पासवर्ड मुलाकडे. बँकेचा व्यवहार या मशीनवर करायचा नाही असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मुलगा विंडोजमधल्याच क्विक असिस्टने पुण्याहून पडदा पाहतो, पण आधी व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवल्याशिवाय गुरुजी त्याने सांगितलेला कोडही टाकत नाहीत. टेबलाच्या वर भिंतीवर खडूने १९३० लिहिलेलं आहे, सायबर फसवणुकीचा तक्रार नंबर. अक्षर गुरुजींचं, त्यामुळे फळ्यावरच्या सुविचारासारखं दिसतं.

राहिला प्रिंटर, तो विषय अजून मिटलेला नाही. गुरुजींना हवा आहे. माझा विरोध आहे. शाईचा प्रिंटर आमच्या उन्हाळ्यात महिनाभर न वापरता ठेवला की नळ्या सुकतात. लेझर सुकत नाही, पण पान तापवताना एकदम इतकी वीज ओढतो की तो या इन्व्हर्टरवर लावता येणार नाही. महिन्याला पंधरा-वीस पानं निघतात, ती पेन ड्राइव्हवर नेऊन सेवा केंद्रातून काढता येतात, आणि टाइप केलेलं आता गुरुजींचं स्वतःचं असल्यामुळे लाल पेन लागत नाही. संघटनेच्या जानेवारीच्या सभेसाठी त्यांना दीडशे पानं काढायची आहेत. त्याचं कोटेशन त्यांनी सेवा केंद्राकडून लेखी मागवलं आहे.